पेरूच्या बेटांवरचा दुकानदार, न्यूयॉर्कचा महापौर : विल्यम रसेल ग्रेस

पाणकळा

मॅनहॅटनला बेचाळिसाव्या रस्त्यावर, ब्रायंट पार्कच्या अगदी समोर एक पांढरी पन्नास मजली इमारत आहे. वरून सरळ येते आणि खाली घसरगुंडीसारखी पसरते. उन्हाळ्यात दुपारचा डबा घेऊन मी पार्कातल्या हिरव्या खुर्च्यांवर जाऊन बसते, तेव्हा ती डोळ्यांसमोरच असते. नाव ग्रेस बिल्डिंग. कित्येक महिने मी धरून चालले होते की हे कुणा बाईचं नाव असणार. ते आडनाव निघालं. ज्याचं आडनाव, तो माणूस ऐन विशीत पेरूच्या किनाऱ्याबाहेर, पक्ष्यांच्या विष्ठेने भरलेल्या बेटांशेजारी नांगरलेल्या जहाजावर दुकान चालवत होता. पुढे तोच दोनदा न्यूयॉर्कचा महापौर झाला. हे कळल्यापासून त्याच्याबद्दल मिळेल ते वाचते आहे. इथे व्यापाराचे, नगरपालिकांचे, शेतीचे जाणकार आहेत, म्हणून धागा काढला.

विल्यम रसेल ग्रेसचा जन्म १० मे १८३२ चा, आयर्लंडमधला. घराणं कॅथलिक, मूळ घर क्वीन्स काउंटीत, म्हणजे आजच्या लीशमध्ये. चौदा वर्षांचा असताना तो घरातून पळाला आणि जहाजावर चढला. साल १८४६. बटाट्याचं पीक कुजून आयर्लंडात माणसं मरत होती ते हेच वर्ष. न्यूयॉर्कला उतरल्यावर छापखान्यात पोऱ्या म्हणून राहिला, चांभाराच्या हाताखाली राबला, आणि दोनेक वर्षांनी परत घरी आला.

१८५१ मध्ये त्याचे वडील जेम्स ग्रेस आयरिश लोकांची वसाहत करायची म्हणून पेरूला निघाले, हाही सोबत गेला. वसाहतीचा बेत फसला. वडील परतले, मुलगा मात्र कायाओ बंदरातच राहिला आणि जॉन ब्राइस यांच्या पेढीवर लागला. पेढीचा धंदा जहाजांना लागेल ते पुरवण्याचा. पीठ, खारवलेलं मांस, दोरखंड, डांबर, शिडाचं कापड, मेणबत्त्या, रंग. १८५४ मध्ये पेढीच्या पाटीवर 'ब्राइस, ग्रेस आणि कंपनी' असं नाव लागलं. तेव्हा हा बावीस वर्षांचा.

आता गुआनोबद्दल, म्हणजे खत म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या पक्ष्यांच्या विष्ठेबद्दल. पेरूच्या किनाऱ्याला लागून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. त्यामुळे मासळी अमाप, मासळीमुळे पक्षी अमाप, आणि पाऊस जवळपास नाहीच. शेकडो वर्षांची विष्ठा धुपून न जाता चिंचा नावाच्या तीन बेटांवर साचत राहिली, काही ठिकाणी थर ३० मीटरहून जाड. युरोप-अमेरिकेतल्या थकलेल्या जमिनींना तिच्यासारखं खत दुसरं नव्हतं. जगभरची शिडाची जहाजं तिथे येऊन रांगेत थांबत, एका वेळी शंभराहून जास्त. नंबर लागायला महिनेच्या महिने जात. जवळच्या किनाऱ्यावर वाळवंट, आणि कायाओ दूर, दीडशे-दोनशे किलोमीटरवर. रांगेतल्या जहाजाने पीठमीठ आणायला कायाओला जायचं तरी कसं?

ग्रेसने दुकानच रांगेपाशी नेलं. एक जहाज मालाने भरून बेटांजवळ कायमचं नांगरलं. माझं असं मत झालंय की या माणसाच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली या तरंगत्या दुकानात आहे. त्याचं लग्नही तिथूनच जुळलं. मेन राज्यातल्या गिलख्रेस्ट नावाच्या जहाजबांधणाऱ्या कप्तानाची मुलगी लिलियस वडिलांसोबत तिथे आलेली होती. १८५९ मध्ये मेनमधल्या टेनंट्स हार्बर या गावी दोघांचं लग्न झालं, आणि सुरुवातीचा संसार पुन्हा त्या बेटांजवळच्या जहाजावर. त्यांना पुढे अकरा मुलं झाली. शेजारी अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरणारी बेटं, चहूकडे डोलकाठ्यांचं रान, आणि त्यात नवी नवरी. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

तब्येतीने त्रास दिल्यावर त्याने पेरूचा धंदा भाऊ मायकेलवर सोपवला आणि १८६० च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कला पेढी घातली, डब्ल्यू. आर. ग्रेस आणि कंपनी. पेरूत तेव्हा हेन्री मेग्ज नावाचा अमेरिकन ठेकेदार अँडीजच्या डोंगरांतून रेल्वे नेत होता. त्याला लागणारं लाकूड आणि लोखंडी सामान ग्रेसच्या पेढीकडून जाई.

राजकारणात तो आला १८८० मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. त्याच साली आयर्लंडात पुन्हा टंचाई होती, आणि 'कॉन्स्टेलेशन' या जहाजातून अमेरिकेने जे धान्य पाठवलं त्यातला मोठा वाटा ग्रेसने स्वतःच्या पैशातून उचलला. न्यूयॉर्कच्या आयरिश वस्त्यांत त्यामुळे त्याचं नाव झालं. डेमोक्रॅटिक पक्षात तेव्हा टॅमनी हॉल आणि आयर्विंग हॉल असे दोन गट एकमेकांना पाण्यात पाहत होते. दोघांना चालेल असा उमेदवार म्हणून ग्रेसला तिकीट मिळालं. लगेच गदारोळ उठला की कॅथलिक महापौर झाला तर सरकारी शाळा पोपच्या हाती जातील. शिक्षण मंडळावरची माणसं महापौरच नेमत असे, त्यामुळे ही भीती लोकांना खरी वाटली. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्याच दिवशी त्याच पक्षाच्या उमेदवाराला शहरात सुमारे ४०,००० मतांची आघाडी होती. ग्रेस निवडून आला तो जेमतेम ३,००० मतांनी. हे दोन आकडे शेजारी ठेवले की धर्माच्या नावावर त्याची किती मतं तुटली ते दिसतं.

तरी तो आला. न्यूयॉर्कच्या महापौराच्या खुर्चीत बसलेला पहिला आयरिश कॅथलिक. शाळा पोपच्या हाती गेल्या नाहीत.

---

जुनी_वही

पाणकळाताई, फार चांगला विषय. मी एका नगरपालिकेत ३१ वर्षं काढली, त्यामुळे मला त्या खुर्चीच्या अधिकारांबद्दल उत्सुकता आहे. आपल्याकडे मुंबईत १८६५ च्या कायद्याने आयुक्त आला, तो सरकारने नेमलेला. १८७२ पासून करदात्यांचे प्रतिनिधी निवडून येऊ लागले, पण कारभाराची सही आयुक्ताचीच राहिली, १८८८ च्या कायद्यातही आणि आजही. त्यामुळे महापौर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मानाची खुर्ची येते. न्यूयॉर्कमध्ये तसं नसावं. मग ग्रेसच्या हातात नेमकं काय होतं? आणि टॅमनीने ज्याला तिकीट दिलं त्याने टॅमनीशीच भांडण का काढलं?

---

पाणकळा

काका, अगदी मुद्द्याचा प्रश्न.

शहर तेव्हा म्हणजे मॅनहॅटन आणि ब्रॉंक्सचा थोडा तुकडा. लोकसंख्या सुमारे १२ लाख. ब्रुकलिन वेगळं शहर होतं. खातेप्रमुख नेमण्याचा अधिकार महापौराला होता, पण नेमणुकीला नगरसेवकांच्या मंडळाची मंजुरी लागे. सगळी मेख तिथे होती. टॅमनी हॉलचा पुढारी जॉन केली. टॅमनीचा आधीचा पुढारी बॉस ट्वीड याने केलेली शहराची लूट १८७१ मध्ये उघडी पडल्यावर केलीनेच संघटना पुन्हा उभी केली होती. टॅमनीचं बळ मतांइतकंच नोकऱ्या वाटण्यात होतं. निवडणुकीत राबलेल्या माणसाला पोलिसात, गोदीत, रस्ते झाडायच्या खात्यात चिकटवून द्यायचं. महापौर कुणाचाही असो, मंडळात आपली माणसं बसलेली असली की प्रत्येक नाव अडवून सौदा करता येई. ग्रेसने पाठवलेल्या नावांची पहिल्या कारकिर्दीत हीच गत झाली.

भांडणाचं कारण मला तरी त्याच्या धंद्यातच दिसतं. जो माणूस पंचवीस वर्षं पिठाची पोती मोजून देत आला, त्याला काम न करणाऱ्याच्या नावाने पगार निघतो हे सहन होणं अवघड होतं. त्याने कराचा दर खाली आणला. पोलिसांमधल्या भानगडींना हात घातला. लुइझियाना लॉटरीचा शहरात पसरलेला धंदा मोडून काढला.

रस्तेसफाईचं उदाहरण तुम्हाला आवडेल. रस्ते झाडायचं काम तोवर पोलिस मंडळाकडे होतं. हजारो घोडे रोज रस्त्यावर, त्यांची लीद, राख, कचरा, हिवाळ्यात त्यावर बर्फ. १८८१ मध्ये हे काम पोलिसांकडून काढून त्यासाठी वेगळं खातं करण्यात आलं. न्यूयॉर्कच्या आजच्या सफाई खात्याची सुरुवात इथून धरतात.

१८८२ च्या निवडणुकीनंतर फ्रँकलिन एडसन महापौर झाला. १८८४ मध्ये ग्रेस टॅमनीच्या उघड विरोधात उभा राहिला. टॅमनीचा उमेदवार ह्यू ग्रँट, रिपब्लिकनांचा तिसराच, आणि ग्रेस टॅमनीबाहेरच्या डेमोक्रॅटांच्या पाठिंब्यावर. निवडून आला. ही दुसरी निवडणूक मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. पहिल्या वेळी दुसऱ्यांच्या तडजोडीतून आला होता, या वेळी स्वतःच्या कामावर आला.

आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर याच वर्षातलं आहे. थिओडोर रूझवेल्ट, पुढचा राष्ट्राध्यक्ष, तेव्हा राज्याच्या विधानसभेत पंचविशीतला आमदार होता. त्याने १८८४ मध्ये विधेयक आणून नगरसेवकांचा मंजुरीचा अधिकारच काढून टाकला. म्हणजे दुसऱ्या कारकिर्दीत ग्रेसच्या सहीला पहिल्यांदा पूर्ण वजन आलं.

---

जुनी_वही

मंजुरीची अडवणूक म्हणजे काय ते मी स्थायी समितीच्या दाराबाहेर फाइल धरून तासन्‌तास उभं राहून पाहिलं आहे. फाइलीत चूक काही नसे. ती पुढच्या बैठकीवर ढकलली जाई, मग त्याच्या पुढच्या. त्यामुळे ग्रेसची पहिली दोन वर्षं कशी गेली असतील ते मला न सांगता कळतं.

---

बांधावरून

धागा वाचतोय, मन लावून वाचतोय. पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितो.

मी ऊस आणि हळद करतो, खताच्या पोत्याची किंमत मला पाठ असते. गुआनो म्हणजे नत्र आणि स्फुरद दोन्ही एकत्र, तेही मुळाला लगेच लागू होईल असं. त्याला सोन्याचा भाव का आला ते समजतं. पण ते खणलं कुणी? ताई, तुम्ही रांगेतल्या जहाजांचं, दुकानाचं, नव्या नवरीचं लिहिलंत. बेटावर फावडं ज्याच्या हातात होतं त्याच्याबद्दल एक ओळ नाही. माझ्या वाचनात आलंय की चीनमधून फसवून आणलेले मजूर तिथे होते. ग्रेसचं पीठ आणि मांस ज्यांना विकलं गेलं, त्या जहाजांत भरलेला माल याच लोकांनी उपसला. महापौर म्हणून तो हिशेबाला चोख होता हे मान्य. पण हा हिशेबही त्याच्याच वहीत मांडायला हवा.

---

पाणकळा

तुमचं बरोबर आहे. हे मी पहिल्याच लेखात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही ही माझी चूक, आता लिहिते.

१८४९ ते १८७४ या पंचवीस वर्षांत पेरूत ९०,००० च्या आसपास चिनी मजूर आणले गेले. बहुतेक उसाच्या मळ्यांवर गेले, काही चिंचा बेटांवर. हातात आठ वर्षांचा करार, जो वाचता येत नव्हता. बेटांवर त्यांच्यासोबत कैदी होते, सैन्यातून पळालेले होते आणि १८५४ मध्ये पेरूने गुलामी रद्द केली तोवर गुलामही. रोज ठरलेले टनच्या टन खणायचे, ढकलगाड्या कड्यापर्यंत न्यायच्या, तिथून कापडाच्या लांबच लांब नळीतून माल खाली होडीत सोडायचा. पिवळट धूळ इतकी उडे की होडीतली आणि जहाजावरची माणसं नाकातोंडाला दोरखंडाचा काथ्या बांधत, आणि तरी आळीपाळीनेच खाली उतरत. मजुरांना पाळी बदलून मिळत नसे. कड्यावरून समुद्रात उड्या टाकून जीव दिलेल्या मजुरांच्या हकिगती त्या वेळच्या खलाशांनीच लिहून ठेवल्या आहेत.

ग्रेस दुकानदार होता, खाणीचा मुकादम नव्हता. पण त्याच्या जहाजाच्या कठड्यावरून ते कडे दिसत होते. रोज. त्याची पहिली शिल्लक जमली ती त्या धुळीतून, हे मी आता त्याच्याबद्दल बोलताना वगळणार नाही.

आणि हे लिहिताना जे जास्त टोचतं ते असं : त्याच्या देशातली माणसं उपाशी मरत होती तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. १८८० मध्ये आयर्लंडला धान्य पाठवताना त्याला ते नक्की आठवलं असणार. बेटांवरच्या माणसांसाठी त्याच्या हातून असं काही झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

---

बांधावरून

मोकळ्या मनाने लिहिलंत, आभारी आहे. ती कापडाची नळी आता डोळ्यांसमोरून जात नाही.

---

तिठा

पेरूच्या बाजूचं आणखी एक प्रकरण राहिलं आहे, ते 'ग्रेस करार'. मी कर्जरोख्यांच्या इतिहासावर थोडं काम केलंय म्हणून लिहितो.

ऐन भरात पेरूच्या सरकारचं निम्म्याहून जास्त उत्पन्न एकट्या गुआनोचं होतं. त्या भरवशावर लंडनमध्ये रोखे विकून प्रचंड कर्ज काढलं आणि ते रेल्वेत घातलं. १८७० च्या दशकात चांगली बेटं संपत आली. १८७६ मध्ये पेरूने हप्ते थांबवले. १८७९ ते १८८३ चिलीशी युद्ध झालं, पेरू हरला, आणि नायट्रेटने भरलेला तारापाका प्रांत गेला. कर्ज राहिलं, ज्या मालावर ते काढलं होतं तो माल गेला. युद्धात पेरूला शस्त्रं पुरवणाऱ्यांत ग्रेसची पेढी होतीच.

मग रोखेधारकांच्या वतीने मायकेल ग्रेस बोलणी करायला बसला. १८८९ च्या ऑक्टोबरमध्ये पेरूच्या संसदेने करार मंजूर केला. कर्ज माफ, त्या बदल्यात सरकारी रेल्वे ६६ वर्षांसाठी, टिटिकाका सरोवरातली वाहतूक, ३० लाख टनांपर्यंत गुआनो, शिवाय जंगलातली मोठी जमीन. हे सगळं चालवायला १८९० मध्ये लंडनला पेरूव्हियन कॉर्पोरेशन निघाली.

याकडे दोन्ही बाजूंनी बघता येतं. पेरूला नवं कर्ज कुणी देत नव्हतं, ते दार उघडलं, बंद पडलेली रेल्वे पुढे सरकली. पण हरलेल्या, मोडलेल्या देशासमोर वही उघडून बसायचं आणि त्याचे रूळ दोन पिढ्यांसाठी लिहून घ्यायचे, याला मी तरी मदत म्हणणार नाही. पेरूतही तेव्हा संसदेत जोरदार विरोध झाला होता. बोलणी मायकेलने केली हे खरं, पण पेढी दोघा भावांची होती. न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक पैशाची काळजी घेणारा भाऊ तो, आणि लीमामध्ये हा.

---

चार्ल्सकाठ

बॉस्टनहून लिहितेय. १८८४ मध्ये इथेही ह्यू ओब्रायन हा आयर्लंडात जन्मलेला पहिला महापौर निवडून आला. तोही धंद्यातूनच आलेला, छपाई आणि प्रकाशनाच्या. खर्चाला कात्री लावणारा म्हणूनच त्याचीही ओळख. दोन्ही शहरांत जुन्या रहिवाशांनी पहिला आयरिश महापौर स्वीकारला तो असा : हातात हिशेबाची वही असलेला व्यापारी. मला वाटतं, बाहेरून आलेल्या समाजाच्या पहिल्या माणसाला दुप्पट नेटकं राहावं लागतं. इथे नोकरीच्या पहिल्या वर्षी मी स्वतः ते केलंय. प्रत्येक ईमेल चारदा वाचून पाठवायचे.

पाणकळा, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आला तेव्हा ग्रेसच महापौर होता ना? त्याबद्दल लिही की.

---

पाणकळा

हो! जून १८८५. 'इझेर' नावाच्या फ्रेंच जहाजातून पुतळा आला तो ३५० तुकड्यांत, २१४ पेट्यांमध्ये. शहराच्या वतीने स्वागत ग्रेसने केलं. मला यात एक फार जुळून आलेलं वाटतं. जन्मभर पेट्या, पोती, जहाजं यांचा व्यवहार केलेल्या माणसासमोर तो पुतळा पेट्यांतच येऊन उभा राहिला. चौथरा तेव्हा पुरा झाला नव्हता, पेट्या वर्षभर तशाच पडून राहिल्या. २८ ऑक्टोबर १८८६ ला अनावरण झालं तेव्हाही महापौर हाच होता. एकोणचाळीस-चाळीस वर्षांपूर्वी त्याच खाडीतून एक पळून आलेला पोरगा उतरला होता. तेव्हा पुतळा नव्हता.

त्याच १८८५ च्या जुलैत माजी राष्ट्राध्यक्ष जनरल युलिसिस ग्रँट वारले. ग्रेसने लगेच त्यांच्या पत्नीला कळवलं की न्यूयॉर्कच्या कुठल्याही बागेत समाधीसाठी जागा देतो. हडसनकाठची रिव्हरसाइड पार्कमधली ग्रँटची समाधी तिथे आहे ती त्यामुळे.

@तिठा, 'न्यूयॉर्कला तो आणि लीमाला हा' हे तुमचं वाक्य मी उतरवून घेतलं. मी दोन भावांना वेगळं धरत होते, ते चुकीचं होतं.

---

सुईदोरा

आजवर फक्त वाचत होते, आज पहिल्यांदा लिहिते. ग्रेसच्या नावाची बायकांसाठी एक संस्था न्यूयॉर्कमध्ये होती असं माझी मावससासू सांगायची. ती साठच्या दशकात तिकडे नर्स होती. ती संस्था याचीच का?

---

पाणकळा

याचीच. ग्रेस इन्स्टिट्यूट, १८९७ मध्ये दोघा भावांनी काढली, मॅनहॅटनच्या पश्चिमेकडच्या कामकरी वस्तीत. फी नाही, धर्माची अट नाही. शिकवायला सिस्टर्स ऑफ चॅरिटी या जोगिणी. विषय शिवणकाम, स्वयंपाक, आणि त्याच्या जोडीला लघुलेखन व टंकलेखन. यातलं टंकलेखन मला महत्त्वाचं वाटतं. आयरिश मुलींच्या नशिबी तोवर बहुतेक करून लोकांच्या घरची धुणीभांडी असत. कचेऱ्यांत नुकती टंकयंत्रं आली होती, त्यांच्यासमोर बसायला माणसं हवी होती. कुठे रांग लागणार आहे ते ओळखून माल तिथे नेऊन ठेवायचा, हे ग्रेसला तरुणपणापासून ठाऊक होतं. इथे त्याने ते बायकांच्या पोटापाण्यासाठी केलं.

२१ मार्च १९०४ ला तो न्यूयॉर्कमधल्या घरी वारला. ब्रुकलिनच्या होली क्रॉस दफनभूमीत पुरलं आहे. तुमच्या मावससासूंना त्या संस्थेतलं आणखी काही आठवत असेल तर जरूर विचारून लिहा.

---

सुईदोरा

त्या आता नाहीत. पण त्यांच्या सोबत राहणारी एक आयरिश मुलगी तिथे टायपिंग शिकायला जायची, एवढं त्या नेहमी सांगत. रात्री जेवण झाल्यावर ती टेबलाच्या कडेवर दहाही बोटं ठेवून सराव करायची. यंत्र घरी नव्हतं ना. मावससासूंनीही बघून बघून अक्षरांच्या जागा पाठ केल्या होत्या. शेवटी शेवटी हॉस्पिटलात असताना चादरीवर त्यांची बोटं तशी हलताना मी पाहिली आहेत.